रस्ता कॅमेऱ्यालाही वाचता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत अलीकडे चालकसाहाय्य यंत्रणा असलेल्या मोटारींची जी वर्णने प्रसिद्ध होत आहेत, त्यांच्या अनुषंगाने हे पत्र लिहीत आहे. समोरच्या काचेला, आतल्या आरशाच्या पाठीमागे बसवलेला छोटा कॅमेरा पुढची गाडी ओळखतो, पट्ट्यांवरून मार्गिका ओळखतो, वेगमर्यादेचा फलक वाचतो आणि वेळ पडल्यास चालकाच्या आधी ब्रेक लावतो, हे सर्व त्या लेखांत असते. परंतु हा कॅमेरा हे कशाच्या आधारावर करतो आणि तो आधार आपल्या राज्यातल्या रस्त्यांवर कितपत शाबूत आहे, याची चर्चा कुठेच होत नाही. पूर्वी तीस-चाळीस लाखांच्या गाडीत असणारी ही सोय आता दहा-बारा लाखांच्या गाडीतही मिळू लागली असल्याने ही चर्चा लांबणीवर टाकण्यासारखी राहिलेली नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रतिमा-संस्करण हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की रस्त्यावरचे पट्टे, कडेचे फलक आणि गतिरोधकांवरचा रंग यांना आता गाडीच्या ब्रेकयंत्रणेचाच एक भाग मानले पाहिजे. सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्या लेखी मात्र ते अजूनही काम संपल्यावर उरकायचे किरकोळ काम आहे.

हे का म्हणतो, ते जरा तपशिलात सांगणे भाग आहे. एका कॅमेऱ्याला अंतर थेट दिसत नाही. रडार लहरी पाठवते आणि त्या आदळून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. दोन कॅमेरे शेजारी-शेजारी बसवले तर दोन चित्रांतल्या फरकावरून अंतर काढता येते. जपानच्या सुबारू कंपनीने २००८ मध्ये आणलेल्या यंत्रणेत हाच मार्ग धरला. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत काचेमागे एकच कॅमेरा असतो. काहींत त्याच्या जोडीला पुढच्या बंपरमध्ये रडार असते, काहींत तेही नसते. एकट्या कॅमेऱ्याला अंतर काढायचे तर एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे आपण ज्या रस्त्यावर आहोत आणि पुढच्या गाडीची चाके जिथे टेकली आहेत तो रस्ता एकाच सपाट पातळीत आहे. मग ती चाके चित्रात क्षितिजरेषेच्या किती खाली दिसतात यावरून, शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने, अंतर निघते.

उदाहरणादाखल कॅमेरा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर १००० पिक्सेलएवढे (पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका) आहे असे धरू. २० मीटरवरच्या गाडीची चाके क्षितिजाच्या सुमारे ६२ पिक्सेल खाली दिसतील, ५० मीटरवरच्या गाडीची २५ पिक्सेल आणि १०० मीटरवरच्या गाडीची जेमतेम साडेबारा पिक्सेल खाली दिसतील. मोजणीत एका पिक्सेलची चूक झाली, तर २० मीटरवर फरक एखाद्या फुटाचा पडतो, १०० मीटरवर मात्र तो आठ मीटरच्या घरात जातो. याहून गंभीर बाब पुढे आहे. चालकाने ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली झुकते. ते नुसते एका अंशाने झुकले तरी सगळे चित्र १७ पिक्सेलने वर सरकते, आणि क्षितिज जुन्याच जागी आहे असे यंत्रणेने धरले तर ५० मीटरवरची गाडी तिला दीडशे मीटरवर असल्यासारखी भासते. म्हणून क्षितिज नेमके कुठे आहे हे यंत्रणेला प्रत्येक चित्रागणिक, सेकंदाला कित्येक वेळा, नव्याने ठरवावे लागते. ते ठरवण्याचा एक स्वस्त आणि भरवशाचा आधार म्हणजे मार्गिकेचे दोन्ही बाजूंचे समांतर पट्टे. ते दूरवर जिथे एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात, तो बिंदू क्षितिजावर असतो.

सर्वसामान्य समजूत अशी असते की पट्टे पुसले गेले तर फार तर मार्गिका सोडल्याचा इशारा मिळणार नाही. वास्तविक, पट्टे गेले की अंतरमोजणीचा एक खांबही जातो. त्यावर दुसरे उपाय नाहीत असे नाही. पुढच्या गाडीचे चित्र किती झपाट्याने मोठे होत आहे यावरून ती किती सेकंदांत भिडेल हे अंतर माहीत नसतानाही काढता येते, आणि धडकेचा इशारा देताना या हिशेबाचा मोठा उपयोग होतो. परंतु त्यासाठी पुढे दिसते ते वाहन आहे आणि त्याच्या कडा अमुक जागी आहेत, हे आधी ओळखता यावे लागते.

इथे आपल्या ऊसपट्ट्याचा विचार करावा. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून रात्री प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या परिचयाच्या आहेत. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो किंवा असला तरी चिखलाने माखलेला असतो. मोळ्यांचे शेंडे ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेले असतात आणि मागून लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचा हिरवा पाला, चाकांच्या निम्म्यापर्यंत खाली येते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या वाहनाला नंबरप्लेट दिसत नाही, मागच्या दिव्यांची जोडी नाही, सरळ कडा नाही, ठरावीक रुंदी नाही, आणि ज्या बिंदूवरून अंतर मोजायचे तो चाक टेकल्याचा बिंदूही वाढ्याने झाकलेला आहे. शिवाय ते ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेले असते. मोटारींच्या हजारो छायाचित्रांवर शिकलेल्या यंत्रणेला ही ट्रॉली म्हणजे कडेच्या झुडपासारखा एक गडद आकार वाटला, तर तिला दोष देता येणार नाही.

यंत्रणा काय शिकली आहे हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याच्या आधारे गाडी चालवण्याचा इतिहास पाहिला तर पहिले मोठे यश मिळाले ते उत्तम आखलेल्या रस्त्यांवर. म्युनिकच्या सैन्यदल विद्यापीठातले प्राध्यापक अर्न्स्ट डिकमन्स यांच्या व्हॅनने १९८७ मध्ये जर्मनीच्या मोकळ्या ऑटोबानवर ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठला, आणि १९९५ मध्ये त्यांची मोटार म्युनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सपर्यंत जाऊन आली. त्याच वर्षी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी पिट्सबर्ग ते सॅन डिएगो या प्रवासात सुमारे ९८ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाच्या हवाली केले होते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर मात्र माणसाच्या पायाखाली होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढे या क्षेत्रातल्या संशोधनाला दिशा देणारे, यंत्रणांना शिकवण्यासाठी वापरले जाणारे दोन छायाचित्रसंग्रहही जर्मनीतूनच आले. २०१२ चा किट्टी संग्रह कार्ल्सरूह शहर आणि परिसरातला, तर २०१६ चा सिटीस्केप्स हा मुख्यतः जर्मनीतल्या ५० शहरांतला, तोही दिवसाउजेडी आणि चांगल्या हवामानात टिपलेला.

आपल्या रस्त्यांची वेगळी नोंद घेण्याचे श्रेय हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेला आणि तिच्या सहकारी इंटेल कंपनीला दिले पाहिजे. त्यांनी २०१८ मध्ये खुला केलेल्या भारतीय संग्रहात हैदराबाद, बंगळूरु आणि आसपासच्या रस्त्यांवरची १०,००० छायाचित्रे ३४ वर्गांत हाताने आखून दिलेली आहेत. त्यात रिक्षा आहे, जनावरे आहेत, आणि रस्त्याबाहेरचा, परंतु गरज पडल्यास गाडी घालता येईल असा भाग हा एक स्वतंत्र वर्गही आहे. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यातली सीमा आपल्याकडे इतकी अस्पष्ट असते की त्यासाठी वेगळा वर्ग करावाच लागला. युरोपातल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्रणा या चित्रांवर चाचपडतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. मला खेद याचा वाटतो की असा संग्रह कसारा घाटातल्या जुलैमधल्या धुक्याचा, मराठवाड्यातल्या दोन पदरी राज्यमार्गाचा किंवा आषाढात दिंड्यांनी व्यापलेल्या पालखीमार्गाचा कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. आपली विद्यापीठे हे काम सहज करू शकतील. त्याला यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर असे कॅमेरे बसवण्यात आले. त्यामागची कल्पना मला विशेष मोलाची वाटते. कॅमेऱ्याने चालकाला धडकेचा इशारा दिला की त्या क्षणाची आणि जागेची नोंद होते, आणि एकाच वळणावर, एकाच चौकात असे इशारे पुन्हा पुन्हा मिळू लागले की तिथे अपघात होण्याची वाट न पाहता रस्त्याची दुरुस्ती करता येते. आपल्याकडे एखादी जागा अपघातप्रवण ठरण्यासाठी तिथे आधी माणसे मरावी लागतात. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हा सरकारी आकडा डोळ्यांसमोर ठेवला तर या कल्पनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एसटी महामंडळाच्या गाड्या राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावरून रोज जातात. मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांना स्वयंचलित ब्रेक व मार्गिकेचा इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचा प्रस्ताव केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये मांडलेलाच आहे. एसटीच्या नव्या गाड्यांवर असे कॅमेरे येणारच असतील, तर त्यांच्या इशाऱ्यांची नोंद बांधकाम विभागाकडे दरमहा जाईल अशी तजवीज खरेदीच्या निविदेतच करून ठेवावी. नंतर ती मागायला गेल्यास कंत्राटदार वेगळे पैसे मागेल.

फलकांविषयी थोडेसे. कॅमेरा वेगमर्यादेचा आकडा वाचतो तो लाल वर्तुळातला. काम संपून महिने उलटले तरी वळणमार्गावरचा ४० चा फलक तसाच उभा राहतो, आणि माणूस ज्याकडे दुर्लक्ष करायला सरावला आहे त्या फलकावर यंत्रणा मात्र श्रद्धेने विश्वास ठेवते. ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या वेगमर्यादेच्या आकड्यांनीही अशा यंत्रणा गोंधळू शकतात. उरलेल्या फलकांची सोय कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने लावलेलीच असते. मान्यवरांच्या हसऱ्या चेहऱ्यांमागे पुढच्या वळणाचा बाण दडलेला असतो, हे कॅमेऱ्याला कळणे शक्य नाही. पालिकेला ते कळत असूनही उपयोग होत नाही.

दिशादर्शनाच्या बाबतीतही हाच मुद्दा लागू पडतो. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात काही मीटरचे अंतर इकडेतिकडे होतेच, त्यामुळे गाडी उड्डाणपुलावर आहे की त्याखालच्या सेवा रस्त्यावर, हे नकाशाला पुष्कळदा सांगता येत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर उपग्रहाचा संकेतच पोहोचत नाही. अशा जागी चाकांच्या फेऱ्या मोजून आणि लागोपाठच्या चित्रांत रस्त्यावरच्या खुणा किती सरकल्या हे पाहून गाडी आपले स्थान पुढे पुढे मांडत जाऊ शकते. भिंतीवरचे दिवे, पट्टे, अंतराचे फलक या खुणा तिथे ठळक असल्याने हे काम नीट होते. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यावरच्या यंत्रणा समाधानकारक चालतात असे त्यांचे मालक सांगतात, ते खरेच असणार. त्या अनुभवावर विसंबून तेच चालक जेव्हा फाट्यावरून आत वळतात, तेव्हा खरी अडचण सुरू होते.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा तो भाग आधी पुरात वाहून गेलेला होता आणि चालक मोबाइलवरच्या नकाशावर विसंबून होता, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. त्यानंतर ‘गाडीला कॅमेरा असता तर’ अशा प्रतिक्रिया मी ऐकल्या. त्यांत फारसे तथ्य नाही. रस्त्यावर उभी असलेली वस्तू ओळखणे कॅमेऱ्याला जितके सोपे, तितकेच रस्ता नसणे ओळखणे अवघड असते. सव्वा मीटर उंचीवरून पाहताना चाळीस मीटरवरचा खंड ही चित्रातली एक अरुंद गडद पट्टी असते, आणि रात्री तर ती नव्या डांबराच्या ठिगळासारखीच दिसते. पुलाच्या अलीकडे परावर्तक पट्ट्यांचा एक भक्कम अडथळा आडवा लावला असता, तर तो माणसालाही दिसला असता आणि कॅमेऱ्यालाही. आपल्याकडे वळणमार्गावर चुना मारलेले दगड आणि फांद्या ठेवण्याची जी रीत आहे, ती या दोघांच्याही उपयोगाची नाही.

दुभाजकांतल्या अनधिकृत छेदांचा उल्लेखही केला पाहिजे. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात टेस्ला मोटार महामार्ग ओलांडणाऱ्या ट्रेलरला आडवी धडकून तिच्या मालकाचा मृत्यू झाला. त्या गाडीतल्या यंत्रणेची घडण पुढच्या वाहनाला मागून धडक बसू नये यासाठी होती, आडव्या येणाऱ्या वाहनासाठी नव्हती. त्यानंतर या तंत्रात बरीच सुधारणा झाली आहे. तरीही धाब्यासमोर किंवा पेट्रोल पंपासमोर दुभाजक फोडून केलेल्या वाटेने अचानक आडवा येणारा ट्रॅक्टर ही कोणत्याही यंत्रणेची सर्वांत कठीण परीक्षा आहे, आणि ती परीक्षा आपल्या चौपदरी रस्त्यांवर रोज घेतली जाते.

ग्राहकांनी लक्षात ठेवण्याजोगी एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. पुढची काच फुटल्यावर ती बाहेरच्या गॅरेजात बदलून घेतली जाते, आणि कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेला लावला की काम झाले असे समजले जाते. वर सांगितलेला एका अंशाचा हिशेब इथे पुन्हा लागू होतो. काच बदलल्यानंतर कॅमेऱ्याची दिशा ठरावीक नक्षीचा फलक समोर ठेवून किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने रस्त्यावर गाडी चालवून पुन्हा जुळवून घ्यावी लागते. विमा कंपन्यांनी या खर्चाचा समावेश काचेच्या दाव्यात स्पष्टपणे करावा, म्हणजे तो वाचवण्याचा मोह कोणाला होणार नाही. आरशाला लटकवलेले हार, जपमाळा आणि काचेच्या वरच्या भागावरची स्टिकर्स याविषयी अधिक लिहीत नाही. देवाची माळ कॅमेऱ्यासमोर न लोंबता थोडी बाजूला असली तरी भक्तीत उणेपणा येऊ नये.

गाड्या विकणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. वेगळ्या चाचणीमैदानावर, कोरड्या रस्त्यावर, भर दुपारी दाखवलेली प्रात्यक्षिके पाहून ग्राहक समजतो की गाडी आता स्वतः सांभाळून घेईल. युरोपातल्या मानांकनात स्वयंचलित ब्रेकची प्रत्यक्ष चाचणी २०१४ पासून होते. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या आपल्या ‘भारत एनकॅप’ची सुरुवात २०२३ मध्ये झाली, ती मुख्यतः धडक झाल्यावर आतल्यांचे काय होते हे पाहण्यापुरती. पुढच्या टप्प्यात धडक टाळण्याच्या चाचण्या येतील तेव्हा त्यांत युरोपातला पुतळा आणि फुगवलेली मोटार एवढ्यावर भागवू नये. रिक्षा, तिघे बसलेली दुचाकी, मागे दुधाचे कॅन बांधलेली दुचाकी आणि दिवा नसलेली ट्रॉली यांचाही समावेश व्हावा. देशातल्या रस्ते अपघातांतल्या मृतांपैकी जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरचे असताना दुचाकी ओळखण्यात कसूर करणाऱ्या यंत्रणेला तारे देण्यात अर्थ नाही. शिवाय, कोणत्या परिस्थितीत कॅमेरा काम करणार नाही याची इंग्रजी पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेली यादी ग्राहकाला गाडी ताब्यात देताना मराठीत वाचून दाखवली जावी.

शासनाकडून माझी अपेक्षा अवास्तव नाही. रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी भारतीय रस्ते महासभेची ३५ क्रमांकाची संहिता आहे, फलकांसाठी ६७ क्रमांकाची आहे आणि गतिरोधकांसाठी ९९ क्रमांकाची आहे. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्यावर रंगाचे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा, हे सारे त्यात लिहिलेले आहे. नवीन काही ठरवायचे नाही. रात्री दिव्यांच्या उजेडात पट्टा किती परावर्तन करतो हे मोजण्याचे उपकरण असते. डांबरीकरणाच्या कंत्राटात दोष-दायित्वाच्या, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याच्या, संपूर्ण कालावधीसाठी या परावर्तनाची किमान मर्यादा घालावी, पावसाळा संपल्यावर दर वर्षी मोजणी करावी आणि तिचे आकडे रस्तानिहाय प्रसिद्ध करावेत. उजेड परत फेकणारे बारीक काचमणी न मिसळता नुसता पांढरा रंग ओढून बिल काढले जाते, ते अशा मोजणीने पहिल्याच वर्षी उघड होईल. वळणमार्ग काढताना जुने पट्टे काळ्या रंगाने झाकण्याऐवजी खरवडून काढण्याची अट असावी, कारण ओल्या रस्त्यावर रात्री तो काळा रंगही पट्ट्यासारखाच चमकतो आणि गाडी जुन्याच मार्गिकेकडे ओढ घेते.

ऊस वाहतुकीपुरते तर शासनाच्या आदेशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखाने वाहतूकदारांशी करार करतात आणि उचल देतात. त्या करारातच, ट्रॉलीच्या मागे पूर्ण रुंदीची लाल-पांढरी परावर्तक पट्टी, चालू स्थितीतले दोन दिवे आणि वाढे चाकांवर लोंबणार नाही अशी बांधणी, या तीन गोष्टींची अट घालता येईल, आणि काट्यावर वजन करतानाच ती तपासता येईल. अट न पाळणाऱ्या गाडीचा नंबर रांगेत मागे टाकला, तर दुसऱ्या खेपेला दिवा लागलेला दिसेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, नाशिक